ज्युलियाच्या आधीही त्या होत्या

महिला दिनाच्या आठवड्यात एकच मजकूर माझ्याकडे तीन वेगवेगळ्या ग्रुपवरून आला. वर एका देखण्या कृष्णवर्णीय नर्सचा फोटो, डोक्यावर पांढरी टोपी. मजकूर थोडक्यात असा: ‘१९६८ सालापर्यंत अमेरिकेच्या टीव्हीवर एकाही कृष्णवर्णीय स्त्रीला स्वतःचा कार्यक्रम मिळाला नव्हता. तोवर त्यांच्या वाट्याला फक्त मोलकरणीच्या भूमिका यायच्या आणि त्या बायका त्या मुकाट्याने करायच्या. डायहॅन कॅरलने ज्युलिया मालिकेत नर्स साकारून हे दार पहिल्यांदा उघडलं. अख्ख्या कृष्णवर्णीय समाजाने तिला डोक्यावर घेतलं. एमी पुरस्कार जिंकणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली.’ शेवटी जोडलेले हात आणि ‘जास्तीत जास्त पुढे पाठवा’.

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. त्यातली एक माझी सख्खी मावशी आहे आणि तिने ते मनापासून पाठवलं होतं. डायहॅन कॅरल यांच्याबद्दल मलाही आदरच आहे. पण एका बाईला मोठं करण्यासाठी या मजकुराने निदान सहाजणी पुसून टाकल्या आहेत, आणि ज्यांना पुसलं नाही त्यांना मुकाट सोसणाऱ्या ठरवलं आहे. मला याचा खरोखर राग आला. ग्रुपवर चार ओळींत उत्तर देऊन भागेना, म्हणून इथे एकेक वाक्य घेऊन लिहिते.

‘१९६८ सालापर्यंत एकाही कृष्णवर्णीय स्त्रीला स्वतःचा कार्यक्रम मिळाला नव्हता.’

मिळाला होता, आणि तोही २९ वर्षं आधी. १४ जून १९३९ रोजी एनबीसी या प्रसारण कंपनीच्या न्यू यॉर्कमधल्या प्रायोगिक केंद्रावरून ‘द एथेल वॉटर्स शो’ हा तासाभराचा कार्यक्रम प्रक्षेपित झाला. कार्यक्रमाला नावच बाईंचं होतं.

तेव्हाचा टीव्ही कसा होता ते जरा डोळ्यांसमोर आणा. अमेरिकेत नियमित प्रक्षेपण सुरू होऊन जेमतेम दीड महिना झाला होता. ३० एप्रिलला न्यू यॉर्कच्या जागतिक प्रदर्शनातलं राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचं भाषण दाखवून त्याचा नारळ फुटला होता. आरसीए कंपनीचा त्या वेळचा बडा संच म्हणजे चांगलं लाकडी कपाट. चित्राची नळी इतकी लांब की ती आडवी मावत नसे, म्हणून उभी बसवलेली. त्यामुळे पडद्याचं तोंड थेट छताकडे. मग कपाटाचं झाकण वर करायचं, झाकणाच्या आतल्या बाजूला आरसा, आणि घरच्या मंडळींनी समोर बसून पाहायचं ते त्या आरशात पडलेलं बारा इंची चित्र. किंमत ६०० डॉलर. असे संच असणारी घरं हाताच्या बोटांवर नाही, पण काही शेकड्यांत मोजावीत एवढीच. स्टुडिओतल्या कॅमेऱ्यांना भयंकर उजेड लागायचा आणि त्या दिव्यांखाली माणूस अक्षरशः भाजून निघायचा.

अशा भट्टीत उभ्या राहून वॉटर्स यांनी तो तास सांभाळला. नुसती गाणी म्हणून नाही. त्याच वर्षी जानेवारीत ब्रॉडवेवर, म्हणजे न्यू यॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, आलेल्या ‘माम्बाज डॉटर्स’ या नाटकात त्या हेगर या मुख्य भूमिकेत होत्या. त्या नाटकातला एक प्रवेश त्यांनी फ्रेडी वॉशिंग्टन आणि जॉर्जेट हार्वी यांना घेऊन कॅमेऱ्यासमोर केला. अमेरिकेचा टीव्ही रांगायलाही लागला नव्हता तेव्हा त्याच्यावर तीन कृष्णवर्णीय अभिनेत्री एका गंभीर नाटकातला प्रवेश करत होत्या. त्या प्रक्षेपणाची फीत नाही. टीव्हीचं चित्र फिल्मवर उतरवून ठेवायची सोय पुढे १९४७च्या सुमाराला आली. आरशात दिसलं तेवढंच, आणि गेलं.

इथपर्यंत वॉटर्स कशा पोचल्या तेही सांगायला हवं. जन्म १८९६चा, पेनसिल्व्हेनियातल्या चेस्टर गावचा. आई स्वतः पोरसवदा, बलात्कारातून हे मूल झालेलं. आजीने वाढवलं, आणि ती आजी गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणारी. एथेल मोठी झाली तशी फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात खोल्या झाडायला लागली, पगार आठवड्याला पावणेपाच डॉलर. तिथून गाणं, मग ब्लूजच्या तबकड्या, हार्लेमचा कॉटन क्लब आणि ब्रॉडवे. तिथे १९३३ साली ‘ॲज थाउजंड्स चीअर’ या संगीत प्रयोगात त्यांना एक गाणं होतं: जमावाने नवऱ्याला फासावर लटकवलंय, आणि बायको रात्रीच्या जेवणाची पानं मांडता मांडता विचार करते आहे की मुलांना सांगू काय. हसायला आलेल्या ब्रॉडवेच्या प्रेक्षकांसमोर त्या हे गाणं उभ्या उभ्या गायच्या. १९३९ साली एनबीसीने कुणी नवखी हौशी गायिका बोलावली नव्हती.

जाता जाता एक गोष्ट. ‘पहिली’ हा शब्द फार जपून वापरावा, अगदी वॉटर्स यांच्याबद्दलही. अमेरिकेबाहेर पाहिलं तर २ नोव्हेंबर १९३६ रोजी बीबीसीने लंडनहून दूरचित्रवाणी सुरू केली, त्या पहिल्याच दिवशी बक आणि बबल्स ही अमेरिकेची कृष्णवर्णीय जोडी पडद्यावर होती.

महायुद्ध संपल्यावर टीव्ही घराघरांत शिरू लागला तेव्हाही या बायका होत्याच. केंटकीतल्या लुइव्हिलच्या अमांडा रँडॉल्फ यांचं नाव आज जवळपास कुणी घेत नाही. पियानो वाजवायच्या, गायच्या, ऑस्कर मिशो या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाच्या चित्रपटांत काम केलेलं. १९४८ साली ड्युमाँट नेटवर्कवर ‘द लेटन्स’ या मालिकेत त्यांना नियमित भूमिका मिळाली, आणि लगेच त्याच नेटवर्कवर दिवसा लागणारा पंधरा मिनिटांचा संगीताचा कार्यक्रम. त्याचं नाव ‘अमांडा’. पुन्हा बाईचं नाव, आणि पुन्हा १९६८च्या वीस वर्षं आधी.

आणि ३ ऑक्टोबर १९५० रोजी एबीसीवर ‘ब्यूला’ सुरू झाली. दर आठवड्याला लागणारी, देशभर दिसणारी विनोदी मालिका, आणि शीर्षक भूमिकेत, म्हणजे एका गोऱ्या कुटुंबाच्या घरच्या मोलकरणीच्या भूमिकेत, पुन्हा एथेल वॉटर्स. त्यांच्यानंतर ती भूमिका हॅटी मॅकडॅनियल यांनी आणि मग लुईझ बीव्हर्स यांनी केली. म्हणजे एका मालिकेत एकामागून एक तीन कृष्णवर्णीय नायिका.

मग ‘ज्युलिया’चं पहिलेपण कशात? ते आहे, आणि ते लहान नाही. दर आठवड्याच्या नेटवर्क मालिकेच्या केंद्रस्थानी कृष्णवर्णीय स्त्री, आणि ती कुणाच्या घरची नोकर नाही, शिकलेली, स्वतःच्या पगारावर मूल वाढवणारी नर्स: हे १७ सप्टेंबर १९६८ रोजी एनबीसीवर आलं. एवढं म्हटलं असतं तर मी हा लेख लिहिलाच नसता.

‘तोवर त्यांच्या वाट्याला फक्त मोलकरणीच्या भूमिका यायच्या.’

बहुतेक वेळा यायच्या, हे खरं. अमांडा रँडॉल्फ यांनाही पुढे डॅनी थॉमस यांच्या मालिकेत वर्षानुवर्षं लुईझ नावाची मोलकरीणच करावी लागली. पण ‘बहुतेक’ आणि ‘फक्त’ यांच्यामधल्या जागेत हेझल स्कॉट उभ्या आहेत, आणि त्यांच्यापाशी थांबल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

हेझल स्कॉट यांचा जन्म १९२० सालचा, त्रिनिदादमधल्या पोर्ट ऑफ स्पेनचा. लहानपणीच आईबरोबर न्यू यॉर्कला आल्या. अभिनेत्रीपेक्षा त्या पियानोवादक, अभिजात पाश्चात्त्य संगीत आणि जॅझ एकाच बैठकीत वाजवणाऱ्या. हॉलिवूडने बोलावलं तेव्हा त्यांनी आधीच बजावलं: मोलकरीण करणार नाही. पडद्यावर यायचं ते हेझल स्कॉट म्हणूनच. १९४३ साली कोलंबियाच्या ‘द हीट्स ऑन’ या चित्रपटाचं चित्रीकरण चालू होतं. प्रसंग असा की कृष्णवर्णीय सैनिक युद्धावर निघालेत आणि त्यांच्या बायका-प्रेयसी निरोप द्यायला आल्यात. त्या मुलींना मळके एप्रन घालायला दिले. स्कॉट म्हणाल्या, आपल्या माणसाला लढाईवर पाठवायला कुठली बाई मळक्या एप्रनमध्ये येईल? आणि त्यांनी काम थांबवलं. तीन दिवस सेट ठप्प. शेवटी एप्रन गेले, मुलींना नीट कपडे मिळाले. किंमत मात्र स्कॉट यांनी मोजली. स्टुडिओचा प्रमुख हॅरी कोन याने मनात डूख धरला, आणि दोनेक वर्षांत हॉलिवूडचं दार त्यांना बंद झालं. तो प्रसंग जेमतेम काही मिनिटांचा, आणि त्या मुलींपैकी एकीशीही त्यांचं नातं नव्हतं. तरी त्या थांबल्या.

याच बाईंना १९५०च्या उन्हाळ्यात ड्युमाँटने स्वतःचा कार्यक्रम दिला. आठवड्यातून तीनदा, पंधरा पंधरा मिनिटं. ना स्वयंपाकघर, ना मालकीणबाई. एक देखणी खोली, पियानो, उत्तम गाऊन घातलेल्या हेझल स्कॉट, आणि साथीला जॅझवादक, कधी चार्ल्स मिंगस, कधी मॅक्स रोच.

हा कार्यक्रम प्रेक्षकांनी नाकारला म्हणून बंद पडला नाही. त्याच जूनमध्ये ‘रेड चॅनल्स’ नावाची पुस्तिका निघाली होती. रेडिओ आणि टीव्हीतल्या १५१ जणांवर कम्युनिस्टांशी संबंध असल्याचा ठपका तिच्यात होता, आणि त्यांत स्कॉट यांचं नाव होतं. वकील म्हणाले, गप्प बसा. त्या गप्प बसल्या नाहीत. २२ सप्टेंबरला स्वतः होऊन संसदेच्या चौकशी समितीपुढे गेल्या, आरोप फेटाळले आणि अशा याद्यांनी कलावंतांचं वाटोळं होतंय हे तोंडावर सांगितलं. आठवड्याभरात, २९ सप्टेंबरला, कार्यक्रम बंद. आणि चारच दिवसांनी एबीसीवर ब्यूला आपल्या स्वयंपाकघरात उभी राहिली. या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहा. ‘फक्त मोलकरणी’ या चित्राचा निदान एक तुकडा असा घडला: जी मोलकरीण नव्हती तिला बाहेर काढलं गेलं.

पुढचं थोडक्यात सांगते. १९६३ साली सीबीएसच्या ‘ईस्ट साइड/वेस्ट साइड’ या मालिकेत सिसली टायसन समाजसेवी संस्थेच्या कार्यालयात सचिव होत्या, जेन फॉस्टर, आणि केस सरळ न करता आखूड, नैसर्गिक ठेवून त्या पडद्यावर आल्या. तेव्हा हे किती धाडसाचं होतं ते अमेरिकेतल्या कुठल्याही कृष्णवर्णीय आजीला विचारा. त्याच मालिकेच्या एका भागात डायना सँड्स यांनी हार्लेमच्या एका आईची भूमिका केली. तिचं तान्हं बाळ उंदीर चावून मरतं. वडिलांच्या भूमिकेत जेम्स अर्ल जोन्स. दक्षिणेतल्या काही केंद्रांनी तो भाग दाखवायलाच नकार दिला, आणि एका मोसमात मालिका आटोपली. १९६६ साली ‘स्टार ट्रेक’मध्ये निशेल निकोल्स अंतराळयानाच्या संदेशवहन अधिकारी झाल्या. ज्युलिया यायला तेव्हा अजून दोन वर्षं होती.

‘आणि त्या बायका त्या मुकाट्याने करायच्या.’

मजकुरातलं हे सगळ्यात वाईट वाक्य. बाकीच्या चुका सनावळीच्या आहेत, ही माणसांबद्दलची आहे.

ब्यूला हे पात्र आधी रेडिओवर होतं. १९४४ साली एका लोकप्रिय विनोदी कार्यक्रमात ते आलं तेव्हा ब्यूलाचा आवाज कुणाचा होता, माहीत आहे? मार्लिन हर्ट नावाच्या गोऱ्या पुरुषाचा. स्टुडिओतल्या प्रेक्षकांकडे पाठ करून तो उभा राहायचा. ब्यूलाला हाक आली की गर्रकन वळून बायकी आवाजात ओरडायचा, आणि समोर गोरा बाप्या पाहून प्रेक्षकांत हशा पिकायचा. हा हशाच ब्यूलाची जन्मकथा. हर्ट १९४६ साली गेला, तर त्याच्या जागी दुसरा गोरा पुरुष आणला. १९४७च्या नोव्हेंबरात कुठे ती भूमिका एका कृष्णवर्णीय बाईच्या हाती आली. त्या हॅटी मॅकडॅनियल.

मॅकडॅनियल यांनी ती घेतली ती अटी घालून. ब्यूला ते ठरावीक ‘काळ्यांचं’ मोडकंतोडकं इंग्रजी बोलणार नाही, आणि पटली नाहीत ती वाक्यं बदलायचा अधिकार माझा. आठवड्याला हजार डॉलर. ज्यांचे आईवडील दोघंही गुलामीत जन्मलेले, आणि ज्या ऑस्कर घ्यायला गेल्या त्या १९४०च्या रात्री गोऱ्या सहकलाकारांपासून दूर, भिंतीलगतच्या वेगळ्या टेबलावर बसवल्या गेल्या, त्या बाईंनी हे कागदावर लिहून घेतलं. ‘सारखी मोलकरीणच का करता’ असं विचारणाऱ्यांना त्यांचं उत्तर ठरलेलं असे: आठवड्याला सात डॉलरवर मोलकरीण होण्यापेक्षा सातशे डॉलर घेऊन मोलकरणीची भूमिका केलेली काय वाईट? यात मुकेपणा कुठे आहे?

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. लॉस एंजेलिसच्या वेस्ट ॲडम्स भागात एक उंचवट्यावरची वस्ती होती, लोक तिला शुगर हिल म्हणत. जुनी प्रशस्त घरं. तिथल्या खरेदीखतांत कलम होतं की ही घरं गोऱ्यांखेरीज कुणाला विकायची नाहीत. तरी कृष्णवर्णीय कुटुंबांनी ती घेतली, त्यांत ही सिनेमातली मंडळीही होती. काही गोरे शेजारी कोर्टात गेले: यांना घरांतून बाहेर काढा. ही १९४५ सालची गोष्ट. मॅकडॅनियल यांनी शेजाऱ्यांना आपल्या घरी जमवलं, लढायचं ठरवलं, आणि लोरेन मिलर हा नागरी हक्कांसाठी झगडणारा कृष्णवर्णीय वकील उभा केला. या खटल्यात लुईझ बीव्हर्स यांचं घर पणाला लागलं होतं, एथेल वॉटर्स यांचंही. पुढे टीव्हीवर ज्या तिघींनी ब्यूला केली, त्या तिघी पाच वर्षं आधी एकाच खटल्यात एका बाजूला होत्या. त्या वर्षाच्या डिसेंबरात न्यायाधीश थर्मंड क्लार्क यांनी आधी वस्ती स्वतः जाऊन पाहिली आणि मग दावा फेटाळला. राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीने दिलेले हक्क कृष्णवर्णीयांना पळवाटा न काढता पूर्ण मिळाले पाहिजेत, असं त्यांनी बजावलं. अशी कलमं कुठल्याही कोर्टाने बजावून द्यायची नाहीत, हा देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय यायला अजून अडीच वर्षं होती.

पडद्यावर एप्रन बांधून ‘मिस ॲलिस, मिस्टर हॅरी’ म्हणणाऱ्या या बायका. संध्याकाळी त्या ज्या घरी परतायच्या, ते घर त्यांनी कोर्टात लढून राखलेलं होतं.

‘ब्यूला’वर टीका झाली का? झाली, कडाडून झाली, आणि ती अन्याय्य नव्हती. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेने १९५१च्या अटलांटा अधिवेशनात ‘ब्यूला’ आणि ‘एमॉस अँड अँडी’ या दोन्ही मालिकांविरुद्ध ठराव केला. इंटरनेटवर ‘ब्यूला’चे थोडे भाग पाहायला मिळतात. मी पाहिले. सुरुवातीला ब्यूला कॅमेऱ्याकडे बघून एखादी कोटी करते, मग हेंडरसन कुटुंबातली काहीतरी बारीकशी अडचण, आणि शेवटी ती ब्यूलाने सोडवलेली. सारं घर तिच्या जिवावर चालतं, पण तिचं स्वतःचं घर कधी दिसत नाही. मालकांना ती ‘मिस्टर’, ‘मिस’ लावते. तिला सगळे, घरातलं शेंबडं पोरही, नुसतं ‘ब्यूला’. आपल्याकडे कामवाल्या मावशींना घरातल्या पोराने ‘अगं ए’ केलं की कसं टोचतं, तसं ते मला भाग संपेपर्यंत टोचत राहिलं. टीकाकारांचं म्हणणं मला मान्य आहे. पण टीका लिहिलेल्या पात्रावर करावी, ते करणाऱ्या बाईच्या कण्यावर नाही.

आणि त्या कलावंतांना हे दिसत नव्हतं असंही नाही. ब्यूलाच्या मित्राची, बिलची भूमिका करणारे बड हॅरिस संहितेतल्या साच्याला विटून मालिका सोडून गेले. वॉटर्स यांनी १९५१ साली भूमिका सोडली. ब्यूलाची मैत्रीण ओरिओल करणाऱ्या बटरफ्लाय मॅकक्वीन यांनी त्याच सुमाराला अशा भूमिकांना कायमचा रामराम ठोकला. मग मिळेल ते काम करून पोट भरलं, आणि १९७५ साली, वयाच्या ६४व्या वर्षी, न्यू यॉर्कच्या सिटी कॉलेजातून पदवी घेतली. मॅकडॅनियल यांच्या हातून मात्र टीव्हीवरचे मोजकेच भाग झाले. आजारपणाने गाठलं, आणि २६ ऑक्टोबर १९५२ रोजी त्या गेल्या. आपल्याला हॉलिवूड सिमेटरीत पुरावं अशी त्यांची इच्छा होती. त्या दफनभूमीने त्यांना घेतलं नाही. कातडीच्या रंगामुळे.

‘अख्ख्या कृष्णवर्णीय समाजाने तिला डोक्यावर घेतलं.’

‘ज्युलिया’ खूप पाहिली गेली, पहिल्याच मोसमात ती देशातल्या पहिल्या दहा कार्यक्रमांत होती, आणि तिच्या नावाची बाहुलीही बाजारात आली. पण साल १९६८ होतं. एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली होती, शंभराहून जास्त शहरांत आगी लागल्या होत्या. आणि सप्टेंबरात टीव्हीवर आली ती सुंदर फ्लॅटमध्ये राहणारी, कुणाशी वाकडं न जाणारी ज्युलिया बेकर. नवरा वैमानिक, व्हिएतनाममध्ये मारला गेलेला. अनेक कृष्णवर्णीय लेखकांनी, प्रेक्षकांनी विचारलं: आमच्या वस्तीतलं यात काय आहे? आणि घरात बाप का नाही? कृष्णवर्णीय कुटुंब दाखवायचं आणि पुरुष आधीच मारून टाकायचा, हे का?

यातली बरीचशी टीका डायहॅन कॅरल यांनाही पटत होती, आणि म्हणूनच मला त्या आवडतात. मालिका ऐन जोरात असताना एका मुलाखतीत त्या म्हणाल्या की आम्ही दाखवतोय तो गोरा निग्रो आहे, त्याच्यात निग्रोपण फारच थोडं आहे. संहितेवरून त्या निर्माते हॅल कँटर यांच्याशी भांडत राहिल्या. हा ताण तीन मोसम सोसून थकल्यावर १९७१ साली मालिका थांबली. मजकुराने त्यांना नुसत्या हार घातलेल्या मूर्तीसारखं उभं केलंय. प्रत्यक्षात त्या दोन्हीकडून मार खात काम करत होत्या.

‘एमी पुरस्कार जिंकणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री.’

नाही. ‘ज्युलिया’साठी त्यांना या टीव्ही पुरस्काराचं नामांकन मिळालं होतं. १९६९चा तो पुरस्कार होप लँग यांना गेला. पुढच्याच वर्षी, १९७० साली, ‘मॅनिक्स’ या मालिकेतल्या सहायक भूमिकेसाठी गेल फिशर यांना एमी मिळाली, आणि ती मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय अभिनेत्री त्या. कॅरल यांना याआधी १९६३ सालीही एक नामांकन होतं. आणि त्याच्या एक वर्ष आधी, १९६२ साली, नामांकन कुणाला होतं? एथेल वॉटर्स यांना. ‘रूट ६६’ मालिकेच्या एका भागात त्यांनी मरणाला टेकलेली जॅझ गायिका केली होती. तिची शेवटची इच्छा एवढीच, की जुने साथीदार शोधून आणा, एकदा त्यांचं वाजवणं ऐकू दे. साथीदारांत कोलमन हॉकिन्स, रॉय एल्ड्रिज, जो जोन्स असे खरेखुरे दिग्गज वादक होते. तो भाग मिळाला तर जरूर पाहा.

मग हे सगळं आपल्याला माहीत का नाही? एक कारण अगदी साधं आहे: पाहायला काही उरलंच नाही. वॉटर्स यांचा १९३९चा कार्यक्रम हवेत विरला. ड्युमाँट नेटवर्क पन्नाशीच्या दशकातच बुडालं, पण त्याच्या फिल्म बराच काळ गोदामात पडून होत्या. १९९६ साली अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयापुढे टीव्हीच्या जतनाबद्दल सुनावणी झाली तेव्हा अभिनेत्री ईडी ॲडम्स यांनी त्यांचं काय झालं ते सांगितलं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला साठवणुकीचा खर्च कुणी करायचा यावर वाद झाला, तेव्हा एका वकिलाने सांगितलं, मी बघतो. रात्री दोन वाजता तीन मोठे ट्रक गोदामाच्या मागच्या बाजूला लागले. सगळ्या फिल्म त्यांत भरल्या, न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर थांबलेल्या बार्जवर चढवल्या, बार्ज स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यावरून पुढे गेलं आणि माल न्यू यॉर्कच्या उपसागरात ओतला.

हेझल स्कॉट यांच्या कार्यक्रमाचा एकही भाग आज उपलब्ध नाही. पण ‘द हीट्स ऑन’ आहे, तोच, एप्रनवाला. त्यात त्या दोन पियानोंच्या मधे बसल्या आहेत, एक काळा, एक पांढरा. एक हात इकडे, एक तिकडे, मग गिरकी घेऊन दोन्ही हात एकावर, परत दोन्ही दुसऱ्यावर, आणि हे करताना हातांकडे बघतही नाहीत, सरळ आपल्याकडे बघून हसतायत. मावशीला मी ती क्लिप पाठवली. तिने ती सगळ्या ग्रुपवर पुढे पाठवली आहे.